पारव्यांच्या खतावरची येळवस

उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, संगमेश अप्पांचं आडत दुकान आहे आणि त्याच्या मागे पत्र्याचं लांबलचक गोदाम. पारवे अप्पांच्या गोदामात राहतात की अप्पा पारव्यांच्या गोदामात तूर नि सोयाबीन ठेवतात, हे नव्या माणसाला चटकन सांगता येत नाही. छताच्या लोखंडी कैच्यांवर ते रांगेने बसलेले असतात. वर घुमतात, खाली घाण करतात. हमाल त्यांना शिव्या घालतात. अप्पा दिवसातून एकदा मान वर करून टाळ्या वाजवतात, पारवे एक गिरकी मारून पुन्हा त्याच जागी येऊन बसतात, आणि काम झालं अशा समाधानाने अप्पा गादीवर जाऊन टेकतात.

पारव्यांबद्दल चार शब्द बरे बोलणारं माणूस मोंढ्यात एकच, पंचफुलाबाई. साठीला टेकलेली, बुटकी, काटक, आणि तोंडाची फटकळ. बावीस वर्षं झाली, ती या गोदामाची झाडलोट करते. हमाल तिला पारवेवाली म्हणतात. त्याचं तिला काही वाटत नाही. तिच्या खताला कुणी घाण म्हटलं की मात्र तिच्या डोक्यात तिडीक जाते, आणि मग समोर हमाल आहे की गादीवरचा अप्पा, हे ती बघत बसत नाही.

या खताची ओळख तिला कुणी करून दिली नाही. गोदामामागे दोन गुंठ्यांची पडीक जागा होती. विटांचे तुकडे, फुटकी कौलं, चुनखडी. गोदाम झाडून निघालेली पारव्यांची शिट ती तिथे नेऊन टाकायची. दुसऱ्या पावसाळ्यात त्या ढिगाच्या कडेने भोपळ्याचा एक वेल उठला. कुणी लावलेला नव्हता. तो भिंत चढला, पत्र्यावर गेला, आणि दसऱ्यापर्यंत त्याला इतके भोपळे लागले की हमालांनी ते खांद्यावर टाकून घरोघर नेले. दुसरी कुणी असती तर भोपळे खाऊन गप्प बसली असती. ही बाई वेलाच्या बुडाशी उकिडवी बसून बघत राहिली. ताजी शिट जिथे पडली होती तिथलं गवतसुद्धा करपलं होतं. गेल्या साली टाकलेली काळी पडून मातीत मिसळली होती, आणि वेलाची मुळं नेमकी तिथे होती. म्हणजे ताजं जाळतं आणि कुजलेलं पोसतं. शाळेची पायरी न चढलेल्या पंचफुलाबाईने एवढं ओळखलं आणि पुढचं सगळं त्यावर उभं केलं.

तिने अप्पांना ती जागा मागितली. "घे की अव्वा, तिथं काय पिकतंय?" म्हणत अप्पांनी हात झटकला. पुढे तिथली वांगी घरी आल्यावर अप्पा ती जागा "माझी बाग" म्हणून पाहुण्यांना दाखवू लागले, ते निराळं.

मोंढा बंद असतो त्या दिवशी तिचं खरं काम चाले. आधी ती जमिनीवर नि कैच्यांखाली पाणी शिंपडायची, कारण ही धूळ एकदा छातीत बसली की निघत नाही, हे एका म्हाताऱ्या हमालाच्या खोकल्याने तिला शिकवलं होतं. मग नाकातोंडावर फडक्याची दुहेरी घडी बांधायची, खुरप्याने शिट खरवडायची आणि फाटक्या बारदानात भरून मागे न्यायची. तिथे तिचा खड्डा होता. त्यात शिटेचा एक थर, सोयाबीनच्या भुसाचा एक थर, मातीचा एक थर, वर पाणी आणि सगळ्यावर ओलं पोतं. चार महिने त्याला हात लावायचा नाही. चार महिन्यांनी खड्ड्यात कोपरापर्यंत हात घालायचा. ऊब लागली तर पोतं पुन्हा झाकायचं. माठात हात घातल्यासारखं गार लागलं आणि वासही गेलेला असला, तरच ते खत वाफ्यात जायचं. या बाबतीत तिने कधी कुणाचं ऐकलं नाही, आणि स्वतःच्या घाईचंही नाही.

हे असं सगळं सुरळीत चाललेलं असताना तिच्या मनात एक गोष्ट मात्र सलत होती. ती होती येळवशीची.

मार्गशीर्षातली अमावस्या आली की लातूर-नांदेडकडे गावंच्या गावं ओस पडतात. कागदोपत्री तिला वेळ अमावस्या म्हणतात, बोलताना येळवस. त्या दिवशी माणूस रानात जेवतो. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभी करायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, त्यांना निवद दाखवायचा. रानात जे जे आलंय त्या सगळ्याची एकत्र भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, आणि मडक्यात ताकाची आंबील. जेवणं झाली की रानाच्या कडेकडेने आंबील शिंपडत फिरायचं. ज्याला रान नाही त्याला रानवाला बोलावतो. त्या दिवशी कुणी घरी बसून खात नाही.

पंचफुलाबाईला रान नव्हतं. तरुणपणी ती उमाशंकर पाटलांच्या शेतात खुरपायला जायची आणि येळवशीलाही तिथेच जेवायची. खुरपणं सुटलं, बोलावणं सुटलं नाही. पाटील माणूस चांगला, त्यांच्या पत्नी प्रेमलाबाई तर ताटात दोनदा वाढल्याशिवाय उठू देत नसत. पण तीस वर्षं दुसऱ्याच्या कोपीपुढे मांडी घालून बसणाऱ्याला काय वाटतं, ते बोलावणाऱ्याला कळत नाही. रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून ती दरसाल खताची एक पिशवी घेऊन जायची. पाटील हसायचे आणि घेऊन ठेवायचे.

एका साली पाटलांनी हे खत फार मनावर घेतलं. पोल्ट्रीवरून कोंबड्यांच्या ताज्या शिटेची अख्खी ट्रॉली आणली आणि वांग्यात टाकली. आठ दिवसांत वांगी वाळून कोळसा झाली. त्या येळवशीला चाळीस माणसांपुढे पंचफुलाबाईने कमरेवर हात ठेवून त्यांना विचारलं होतं, "पाटील, कच्चं घालतंय व्हय कुणी?" माणसं पोट धरून हसली. त्यानंतर नऊ येळवशी झाल्या आणि नऊही वेळा तिने तो प्रश्न पुन्हा विचारला. पाटील बिचारे मान खाली घालून उंडा मोडत राहायचे.

गेल्या साली निघताना तिच्या तोंडून निघून गेलं. "पुढल्या येळवशीला माझ्याकडं यायचं. समद्यांनी."

"कुठं?" पाटलांनी विचारलं.

"माझ्या रानात."

"दोन गुंठ्यांत?"

"पांडव पाचच हाईत. मावतील."

शब्द गेला तो गेला. मोंढ्यात दुसऱ्या दिवशी सगळ्यांना माहीत झालं. पंचफुलाबाईने वर्षभर त्या एका दिवसाची तयारी केली. वाल आणि वाटाणा वेळेवर टोकला. कडेला तुरीच्या दोन ओळी लावल्या. वांगी, गाजर, कांद्याची पात झाली. भज्जीचा जीव असतो मेथीत आणि आंबट चुक्यात, म्हणून त्यांचा वाफा तिने सगळ्यात शेवटी, दिवस मोजून पेरला. पारव्यांनी पहिलं बी उचलून नेलं. तिने त्यांना शिव्या न घालता दुसऱ्यांदा पेरलं आणि वर जुनी साडी ताणून बांधली.

घरात तिचा मुलगा बबलू आणि सून शिवकन्या. बबलू टेम्पो चालवतो आणि घरात फारसं बोलत नाही. शिवकन्या देगलूरकडची, बारावी झालेली, स्वच्छतेच्या बाबतीत जरा जास्तच काटेकोर. लग्न होऊन आली त्या आठवड्यात भाजी कशावर वाढते हे तिला कळलं आणि तिने पुढचे पंधरा दिवस नुसत्या वरणाशी भाकरी खाल्ली. नंतर खाऊ लागली, पण भाजी तीनदा मिठाच्या पाण्यात धुऊन. बागेत ती कधी गेलीच तर नाकाला ओढणी लावून, कडेकडेने. सासूला ती मामी म्हणायची. "मामी, तुम्ही हात धुतले का?" हे वाक्य पंचफुलाबाईने तीन वर्षांत इतक्यांदा ऐकलं होतं की आताशा ती विचारायच्या आधीच "धुतले, धुतले" म्हणायची. दोघींचं भांडण असं कधी झालं नाही. पण सुनेला आपल्या खताची किळस येते, ही गोष्ट सासू विसरली नव्हती.

येळवशीला पंधरा दिवस राहिले आणि आभाळ भरून आलं. ऊन नाही, वर बोचरी थंडी. मेथी दोन पानांवर जी थांबली ती थांबलीच. चुका जमिनीला चिकटून बसला. पंचफुलाबाई सकाळ-संध्याकाळ वाफ्याशी जाऊन उभी राहायची आणि घरी आल्यावर कुणाशी बोलायची नाही. एकदा ताटावर बसल्या बसल्या ती म्हणाली, "मेथीच न्हाई तर काय तोंड दाखवू पाटलाला?" शिवकन्येने तिच्याकडे पाहिलं आणि भाकरी वाढली.

त्यातच मुदखेडहून बहिणीच्या नातवाच्या बारशाचं बोलावणं आलं. बहीण सख्खी, न जाऊन चालणार नव्हतं. "नुसतं पाणी दे," एवढं सुनेला सांगून ती नांदेडच्या एसटीत बसली. तिथे चार दिवस मोडले.

परत आली ती पिशवी खांद्यावर घेऊन तशीच बागेत गेली. मेथीची पानं कडेने पिवळी, मधे तपकिरी, आणि बऱ्याच जागी नुसत्या काड्या उरलेल्या. चुका तर हात लावला की चुरत होता. तिने खाली बसून माती उचलली. मातीत पांढरे-राखाडी खडे होते. नाकाशी नेण्याची गरजच नव्हती, तो तिखट वास उभ्यानेच डोळ्यांत जात होता. खड्ड्याशेजारी तिने भरून ठेवलेलं ताज्या शिटेचं पोतं अर्धं रिकामं होतं.

घरी येऊन तिने दारातच विचारलं, "वाफ्यात कुणी घातलं?"

"म्या, मामी." शिवकन्या चुलीपाशी उभी राहिली. "तुम्ही काळजी करून राहिल्या होत्या. मला वाटलं, कुजलेल्यानं हळू येतं, तर ताज्यानं लवकर येईल."

पंचफुलाबाईला संताप आला. वर्षभर ज्याची वाट बघितली ते या पोरीने चार दिवसांत जाळून ठेवलं होतं. बोलायला तोंड उघडलं आणि तिची नजर सुनेच्या हातांवर गेली. बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या होत्या, नखांच्या कडा लाल होत्या. साबणाने घासघासून होतात तशा. पोतं फोडून, ढेकळं हाताने चुरून, तिने एकेका ओळीला ते घातलं होतं. भाजी तीनदा धुणारी ही पोर.

पंचफुलाबाई आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. राग गेला नव्हता, पण तो ठेवावा कुठे हे तिला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून दोघींनी मिळून वाफा वाचवायचा प्रयत्न केला. वरची माती खरवडून काढली, दोन दिवस पाण्यावर पाणी दिलं. मेथी-चुक्याचा वाफा काही वाचला नाही. बाकीची बाग मात्र शाबूत राहिली.

"बाजारातून आणू, मामी," शिवकन्या म्हणाली. "दोन जुड्या. कुणाला कळायचं न्हाई."

"मला कळंल की," पंचफुलाबाई म्हणाली.

येळवशीचा दिवस उजाडला तसं ऊन पडलं. आता पडून काय उपयोग, असं पंचफुलाबाई आभाळाकडे बघून म्हणाली. बबलूने कडब्याच्या पाच पेंढ्या आणून गोदामाच्या भिंतीला कोप टेकवली. शिवकन्येने पांडवांना चुना लावला. भज्जीत वाल, वाटाणा, तुरीचे दाणे, वांगं, गाजर, पात सगळं पडलं आणि चुक्याच्या जागी चिंचेचा कोळ. दुपारी बारापर्यंत पाटलांचं कुटुंब ट्रॅक्टरवरून उतरलं, अप्पा धोतर सावरत आले, चार हमाल आले. त्या दोन गुंठ्यांत वाफे सांभाळून बसताना एकाचा गुडघा दुसऱ्याच्या ताटाला लागत होता. पत्र्यावर पारवे घुमत होते. पंचफुलाबाई वाढत होती आणि प्रत्येकाला "घ्या, संकोच करू नका" म्हणत होती. हे वाक्य तीस वर्षं तिने फक्त ऐकलं होतं.

प्रेमलाबाईंनी दोन घास खाल्ले आणि सहज विचारलं, "चव झालीया, पंचफुला. पण मेथी न्हाई व्हय टाकली?"

शिवकन्येच्या हातातला डाव पातेल्यातच राहिला. पाटील तोवर उठले होते. शेतकऱ्याची नजर ती, कोपऱ्यातला उघडा वाफा तिला दिसल्याशिवाय कसा राहील? ते वाफ्याशी वाकले, एक वाळलेली काडी उपटली, माती बोटांत चोळली आणि नाकाशी नेली.

"हितं कच्चं पडलंय," ते म्हणाले.

शिवकन्येचा चेहरा उतरला. ती पुढे सरकली, काहीतरी बोलणार होती.

"म्या घातलं," पंचफुलाबाई म्हणाली. "थंडीनं मेथी दबली होती. घाई झाली."

पाटील तिच्याकडे बघत राहिले. नऊ वर्षं मान खाली घालून उंडे मोडलेला माणूस तो. त्यांनी सावकाश दोन्ही हात कमरेवर ठेवले, मान तिरकी केली आणि हुबेहूब तिच्याच आवाजात विचारलं, "पंचफुलाबाई, कच्चं घालतंय व्हय कुणी?"

मग जे हसू फुटलं ते थांबेना. हमालांना ठसका लागला. अप्पांनी डोळे पुसले. पत्र्यावरचे पारवे उडाले आणि गिरकी मारून परत आले. पंचफुलाबाईही हसली. पण तिला ते लागलं, खोटं कशाला सांगा. तिच्याकडे शेत नव्हतं, शिक्षण नव्हतं. खतातलं हिच्याइतकं कुणाला कळत नाही, एवढंच काय ते तिचं नाव होतं, आणि ते आज तिने आपल्या हाताने सगळ्यांपुढे खाली ठेवलं होतं.

जेवणं झाल्यावर नळावर ताटं घासताना शिवकन्या हळूच म्हणाली, "मामी, माझं नाव का न्हाई घेतलं?"

"पाटलानं नऊ वर्सं ऐकून घेतलं, म्हणून त्याला सवय हाय. तुला झेपलं नसतं," पंचफुलाबाई म्हणाली. "ते ताट नीट धू. राख राहिली बघ कडेला."

ऊन कलायला लागलं तेव्हा आंबील शिंपडायची वेळ झाली. बबलू पुढे आला, पण पंचफुलाबाईने मडकं आणि लिंबाचा डहाळा शिवकन्येच्या हातात दिला.

"गडी माणसानं फिरायचं असतंय," पाटील म्हणाले.

"रान बायकांनी केलंय," पंचफुलाबाई म्हणाली, आणि पाटील बाजूला सरले.

शिवकन्या निघाली. तुरीच्या ओळीपासून वालाच्या मांडवापर्यंत, तिथून खड्ड्याच्या बाजूने, डहाळा आंबिलीत बुडवून शिंपडत. आज तिने नाकाला ओढणी लावली नव्हती. जळलेल्या वाफ्यापाशी आली तशी तिने मान खाली घातली आणि पावलं उचलली.

"थांब," पंचफुलाबाईने मागून हाक दिली. "तिथं जरा जास्त शिंपड."

शिवकन्या वळली. तिने डहाळा बाजूला ठेवला, मडकं दोन्ही हातांनी उचललं आणि उरलेली सगळी आंबील त्या वाफ्यात ओतली. अजून एक बाजू शिंपायची राहिली होती. पंचफुलाबाईने ती तशीच राहू दिली आणि सुनेच्या हातातलं रिकामं मडकं घेतलं.